सीमाभागातल्या ध्वनिमुद्रकाचा पहिला संच: काय विकत घ्यावे, काय भाड्याने आणावे

बेळगावपासून मुंबई आणि बेंगळुरू ही दोन्ही शहरे सुमारे पाचशे किलोमीटरवर आहेत. चित्रपट आणि दूरचित्रवाणीसाठी ध्वनिमुद्रणाचे सामान भाड्याने देणारी मोठी दुकाने आपल्याला मुख्यतः याच दोन शहरांत गाठावी लागत असल्यामुळे आपल्या भागातल्या नवख्या ध्वनिमुद्रकाचा खरेदीचा क्रम तिथल्या नवख्यापेक्षा वेगळा ठरतो. अंधेरीत काम करणाऱ्याची केबल दुपारी तुटली, तर दुसरी रिक्षाने तासाभरात येते. खानापूर तालुक्यातल्या एखाद्या वाडीवर किंवा चिक्कोडीकडच्या मळ्यात ती तुटली, तर दुसरी रात्रीच्या बसने निघते आणि सकाळी पोहोचते. तोवर चित्रीकरणाचा दिवस हातचा गेलेला असतो. म्हणून महाग यंत्रे काही काळ भाड्याने आणली तरी चालतील, परंतु ज्या किरकोळ वस्तूंवाचून काम जागच्या जागी थांबते, त्या मात्र स्वतःच्या आणि प्रत्येकी दोन असाव्यात, असे माझे ठाम मत आहे.

हे मत पुस्तकातून आलेले नाही. माझ्या सुरुवातीच्या एका कामावर मी उत्तम मायक्रोफोन भाड्याने आणला होता आणि सोबत केबल मात्र एकच नेली होती. जेवणाच्या सुट्टीनंतर तिच्या टोकाचे सोल्डर निखळले. गावातल्या मंडप-स्पीकरवाल्याने ती पाच मिनिटांत जोडून दिली आणि पैसेही घेतले नाहीत, म्हणून अब्रू वाचली. सोल्डरिंग आयर्न त्या आठवड्यातच घेतले.

आधी काम ओळखावे

सीमाभागात मिळणारे काम ढोबळमानाने तीन प्रकारचे असते. माहितीपट आणि मुलाखतींमध्ये एक-दोन माणसे बोलत असतात, चमू लहान असतो आणि ध्वनिमुद्रक बहुधा एकटाच असतो. लघुपट, वेब मालिका आणि कोल्हापूरहून येणारी कथाप्रधान कामे यांत चार-पाच पात्रे एका दृश्यात बोलतात, बूम, म्हणजे टोकाला मायक्रोफोन लावलेली लांब काठी, धरायला वेगळा माणूस लागतो आणि प्रत्येक पात्राचा आवाज स्वतंत्र ट्रॅकवर हवा असतो. तिसरा प्रकार वाहिन्यांसाठीच्या वार्तांकनाचा. तिथे आवाज थेट कॅमेऱ्यात जातो आणि दुसरी संधी मिळत नाही. पुढच्या वर्षभरात यांपैकी कोणते काम जास्त येणार आहे, याचे प्रामाणिक उत्तर स्वतःला दिल्याशिवाय एकही वस्तू घेऊ नये. कथाप्रधान कामाच्या स्वप्नात आठ इनपुटांचे यंत्र घेऊन वर्षभर एका माणसाच्या मुलाखती करणारे मी पाहिले आहेत.

पैशांची वाटणी जुन्या हिशोबाने सांगायची, तर रुपयातले सहा आणे मायक्रोफोन, बूम आणि वाऱ्यापासूनचे संरक्षण यांवर, चार आणे रेकॉर्डर आणि विजेवर, तीन आणे वायरलेस, म्हणजे बिनतारी मायक्रोफोनच्या संचावर आणि उरलेले तीन आणे हेडफोन, केबल, कार्ड, बॅग, चिकटपट्ट्या यांवर खर्च करावेत. बहुतेक जण हे प्रमाण उलटे करतात, कारण रेकॉर्डरला पडदा आणि बटणे असतात, तर केबलला दाखवण्यासारखे काहीच नसते.

हेडफोन

खरेदीची सुरुवात हेडफोनपासून करावी. कानाभोवती पूर्ण बसणारा, बाहेरचा आवाज आत येऊ न देणारा बंद प्रकारचा हेडफोन लागतो. सोनीचा एमडीआर-७५०६ हा तीसहून अधिक वर्षे जगभरच्या सेटवर दिसतो, कारण तो आवाज गोड करून ऐकवत नाही आणि कपड्यांची सळसळ, दूरचा पंप, फ्रीजची घरघर यांसारखे दोष उघडे पाडतो. गाणी ऐकायला घेतलेला, खर्ज फुगवणारा हेडफोन या कामी घातक ठरतो. आपल्याकडच्या दमट हवेत याच्या गाद्यांचे आवरण पापुद्र्यांसारखे सुटू लागते, म्हणून गाद्यांची एक जोडी जादा ठेवावी.

मायक्रोफोन

मायक्रोफोन निवडण्याआधी एक साधा नियम ध्यानात घ्यावा: मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने घटतो, पण आजूबाजूचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो. म्हणजे मायक्रोफोन पात्राच्या तोंडापासून चाळीस-पन्नास सेंटिमीटरवर आणणे हे कोणत्याही महाग मॉडेलपेक्षा जास्त गुणकारी आहे. गोकाकच्या धबधब्यापाशी संवाद घ्यायचा असेल, तर जगातला कोणताही मायक्रोफोन पाणी आणि माणूस वेगळे करून देणार नाही; जवळ जाणे एवढाच उपाय उरतो.

सेटवर ज्याला सर्रास शॉटगन म्हणतात, त्या लांब नळीच्या मायक्रोफोनविषयी गैरसमज फार आहेत. बाजूने येणारा आवाज नळीच्या फटींमधून वेगवेगळ्या क्षणी आत शिरून आपापसांत कापला जातो, हे त्याचे तत्त्व. पण हा परिणाम नळीच्या लांबीवर अवलंबून असतो. नळी पंचवीस सेंटिमीटरची धरली, तर तेवढ्या लांबीची ध्वनिलहर सुमारे १,४०० हर्ट्झला येते; त्याच्या बऱ्याच खाली नळीचा उपयोग जवळजवळ संपतो. जनरेटरची घरघर, उसाच्या ट्रॅक्टरची धडधड, वडगाव-खासबागेतल्या मागांच्या खडखडाटातला खर्ज हे सगळे त्या खालच्या पट्ट्यातले असल्यामुळे शॉटगन लावूनही ते ऐकू येणारच. घराच्या आत तर वेगळीच अडचण उभी राहते. आपल्याकडची दहा-बाय-बाराची खोली, खाली शहाबादी फरशी, चारही बाजूंना सिमेंटच्या उघड्या भिंती; अशा ठिकाणी भिंतींवरून परतलेला आवाज नळीत बाजूने शिरतो आणि संवाद डब्यात बोलल्यासारखा येतो. तिथे आखूड, हायपरकार्डिऑइड किंवा सुपरकार्डिऑइड प्रकारचा, म्हणजे नळीवाचूनही मुख्यतः समोरचा आवाज उचलणारा, मायक्रोफोन हवा. ऑडिओ-टेक्निकाचा एटी४०५३बी हा या वर्गातला परवडणारा पर्याय आहे आणि सेन्हायझरचा एमकेएच ५० हा वरच्या किमतीचा.

मग पहिला कोणता घ्यावा? काम मुख्यतः उघड्यावर असेल तर शॉटगन, मुलाखतींचे असेल तर आखूड, आणि दुसरा प्रसंगानुसार भाड्याने, हे माझे उत्तर आहे. मात्र शॉटगन घेताना आपल्या भागातल्या पावसाळ्याचा विचार आधी करावा. साध्या कंडेन्सर मायक्रोफोनच्या कॅप्सूलचा, म्हणजे आवाज टिपणाऱ्या भागाचा, विद्युतरोध फार उच्च असतो. त्यावर ओलावा बसला की विद्युतभार गळू लागतो आणि मुद्रणात तडतड येते. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर काम केलेल्या माणसाला ही तडतड ओळखीची असते. सेन्हायझरच्या एमकेएच मालिकेत आणि रोडच्या एनटीजी३, एनटीजी५ मध्ये कॅप्सूल उच्च वारंवारतेच्या मंडलात, कमी रोधावर चालवली जाते, म्हणून ही मॉडेल्स दमट हवेत बरीच निश्चिंत राहतात. एमकेएच ४१६ ची कीर्ती मुख्यतः याच गुणावर उभी आहे. एनटीजी५ चे वजन अवघे ७६ ग्रॅम असल्याने दिवसभर बूम पेलणाऱ्या खांद्यांना तो हलकेपणा जाणवतो.

४१६ च्या बनावट प्रतीही बाजारात फिरतात. जुना माल घेताना मूळ बिल मागावे, अनुक्रमांक नळीवर आणि कागदावर जुळवून पाहावा, आणि रात्री शांत खोलीत हेडफोन लावून त्याचा स्वतःचा खरखराट ऐकावा. बनावट वस्तू बहुधा इथेच पकडली जाते.

बूम, टांगणी आणि वारा

बूमची काठी पूर्ण उघडल्यावर अडीच ते तीन मीटर व्हावी, एवढे पहिल्या संचाला पुरते. कार्बन फायबरची काठी हलकी असते, पण ती आणि ॲल्युमिनियमची काठी या दोन्हींतून वीज वाहते. उसाच्या फडावरून किंवा गावातल्या अरुंद बोळांमधून विजेच्या तारा खाली लोंबलेल्या असतात. अशा ठिकाणी बूम उभी करण्याआधी मान वर करून पाहण्याची सवय बूम धरणाऱ्याला पहिल्या दिवसापासून लावावी.

काठीचे कंपन मायक्रोफोनपर्यंत पोहोचू नये म्हणून लवचिक टांगणी, म्हणजे शॉक माउंट, लागते. त्यानंतर वारा. मायक्रोफोनसोबत येणारी स्पंजची टोपी घरातल्या पंख्यापुरती असते. येळ्ळूरच्या राजहंसगडावर ती घालून गेलेला माणूस नुसती घोंघों घेऊन खाली उतरतो. उघड्यावर पिंजऱ्यासारखे आवरण आणि त्यावर लांब केसांचे जॅकेट, अशी दोन थरांची रचना लागते: केस वाऱ्याचा वेग मोडतात आणि पिंजऱ्यातली स्थिर हवा उरलेला धक्का शोषते. रायकोटसारख्या कंपन्यांची आवरणे महाग वाटतात, परंतु आपल्या पठारावर मायक्रोफोनच्या किमतीचा एक भाग याच कामासाठी बाजूला काढलेला बरा. उरलेला वारा रेकॉर्डरमधल्या ८० ते १०० हर्ट्झच्या लो-कट गाळणीने, म्हणजे त्याखालचा खर्ज कापणाऱ्या सोयीने, कमी होतो. मात्र मायक्रोफोनच्या आतला पडदाच वाऱ्याने हेलकावू लागला, तर गाळणीचा उपयोग होत नाही.

केबल

तीन मीटरच्या दोन आणि दहा मीटरच्या दोन एक्सएलआर, म्हणजे तीन पिनांच्या, केबल घ्याव्यात, टोके न्यूट्रिक कंपनीची असावीत. संतुलित केबलमध्ये एकच ध्वनिसंकेत दोन तारांवरून, एकीवर सरळ आणि दुसरीवर उलट्या ध्रुवतेने, जातो आणि दोन्हींवर सारखाच बसलेला विजेचा गुंजारव शेवटी वजा होतो. पण टोकातला एक जोड सुटला की हे गणित बिघडते आणि ५० हर्ट्झची घुमणारी हम सुरू होते. केबल कोपरावर गुंडाळू नये. एक वेढा सरळ, पुढचा आतून उलटा, अशी ती वेटोळी करावी, म्हणजे तिला पीळ बसत नाही आणि फेकली तरी गाठ न पडता उलगडते. आपल्या गल्ल्यांमधल्या लाउडस्पीकरवाल्यांना ही पद्धत चांगली ठाऊक असते. एका संध्याकाळी त्यांच्याकडून शिकून घ्यावी.

रेकॉर्डर

मुलाखतींपुरते काम असेल तर दोन इनपुटांचा झूम एफ३ पुरेसा होतो. बूम आणि दोन वायरलेस चालवायचे असतील, तर तीन इनपुटांचा साउंड डिव्हाइसेस मिक्सप्री-३ दुसरी आवृत्ती किंवा सहा इनपुटांचा झूम एफ६ यांतून निवड करावी. आठ इनपुटांचा एफ८एन प्रो कथाप्रधान कामासाठी ठीक आहे, पण तो भाड्यानेही मिळतो.

या सर्व यंत्रांत ३२ बिट फ्लोटची, म्हणजे फार मोठा आणि फार हळू आवाजही न फाटता नोंदण्याची, सोय आहे आणि तिच्याविषयी नवख्यांचा समज अनेकदा असा असतो की आता पातळी पाहायची गरजच नाही. ही सोय रेकॉर्डरच्या आतल्या टप्प्यापुरती आहे. पात्र अचानक ओरडले आणि वायरलेसच्या ट्रान्समीटरमध्येच आवाज फाटला, किंवा मायक्रोफोनची स्वतःची सीमा ओलांडली, तर फाटलेला आवाज ३२ बिटांत तितकाच फाटलेला नोंदला जातो. शिवाय मायक्रोफोन लांब असल्याची चूक कोणत्याही बिटांनी भरून येत नाही. म्हणून २४ बिटांचा पर्याय असलेल्या यंत्रावर नेहमीचा संवाद २४ बिटांत घेताना सरासरी उणे २० डेसिबलच्या आसपास आणि उसळी उणे १० डेसिबलच्या आत ठेवण्याची शिस्त आधी अंगी बाणवावी, मग फ्लोटकडे वळावे.

नमुना दर, म्हणजे आवाजाचे सेकंदाला किती नमुने घ्यायचे तो आकडा, ४८ किलोहर्ट्झ ठेवावा. चित्रपट आणि दूरचित्रवाणीसाठी तोच रूढ आहे. एका तासाचा एक ट्रॅक २४ बिटांत सुमारे ५२० एमबी आणि ३२ बिटांत सुमारे ६९० एमबी जागा घेतो, म्हणजे आठ ट्रॅकांचे फ्लोट मुद्रण तासाला साडेपाच जीबीच्या घरात जाते. त्यावरून कार्डांचा हिशोब काढावा आणि संकलकाला द्यायच्या आधी एकही कार्ड पुसू नये.

वायरलेस

वायरलेस ही सर्वांत आधी घ्यावीशी वाटणारी आणि सर्वांत शेवटी घ्यावी अशी वस्तू आहे. जुने संच स्वस्तात विकायला येतात तेव्हा ते कोणत्या वारंवारतेवर चालतात हे आधी विचारावे, कारण २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाइल सेवेकडे गेला आणि त्या पट्ट्यात चालणारा संच मोबाइलच्या मनोऱ्यापाशी कधीही दगा देऊ शकतो. २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे छोटे डिजिटल संच भारतात परवान्याशिवाय वापरता येतात, पण त्याच पट्ट्यात वायफाय आणि ब्लूटूथही असतात, आणि माणसाचे शरीर या लहरी सहज अडवते. पात्राने पाठ फिरवली की संकेत तुटू शकतो. म्हणून ट्रान्समीटरमध्येच मुद्रण करण्याची सोय असलेला संच घ्यावा. रोडच्या वायरलेस प्रोमध्ये ही सोय आहे. कोणताही संच घेण्याआधी रविवारी दुपारी गणपत गल्लीच्या गर्दीत तो कमरेमागे अडकवून चालून पाहावा. दुकानात दाखवलेली शंभर मीटरची हद्द तिथे किती उरते ते समजेल.

छातीवर लावायच्या छोट्या मायक्रोफोनचे खरे कौशल्य लपवण्यात आहे आणि याबाबतीत आपल्याकडचे कपडे परदेशी व्हिडिओंमध्ये सापडत नाहीत. नऊवारी किंवा इरकली नेसलेल्या बाईच्या गळ्यात मंगळसूत्र, बोरमाळ असते आणि प्रत्येक मान वळवण्यासरशी मणी मायक्रोफोनवर टिचकी मारतात. तिथे मायक्रोफोन छातीच्या मधोमध न लावता पदराच्या काठाखाली, खांद्याच्या बाजूला सरकवावा आणि केबलचा एक छोटा वेढा घालून चिकटवावा, म्हणजे ओढ बसली तरी ती मायक्रोफोनपर्यंत जात नाही. पुरुषाच्या डोक्यावर पटका किंवा फेटा असेल तर कपाळाजवळची घडी ही उत्तम जागा आहे: तोंडाचे अंतर बदलत नाही आणि कापड घासत नाही. खळ घातलेले कडक धोतर-सदरे मात्र टाळावेत. वेशभूषाकाराला आदल्या दिवशीच सांगून ते एकदा धुऊन घ्यावेत. त्वचेला चिकटवण्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणारी मायक्रोपोर पट्टी पुरते, आणि स्त्री कलाकाराला मायक्रोफोन लावताना वेशभूषेतल्या बाईंची मदत घ्यावी, हे वेगळे सांगायला नको.

वीज

खेड्यात थ्री-फेज वीज कधी येईल आणि कधी जाईल यावर चित्रीकरणाचे वेळापत्रक ठेवता येत नाही. रेकॉर्डर, वायरलेसचे रिसीव्हर हे सर्व एकाच प्रकारच्या बॅटरीवर चालेल अशी योजना पहिल्याच खरेदीत करावी. सोनीच्या एनपी-एफ पद्धतीच्या बॅटऱ्या कॅमेऱ्याच्या दिव्यांनाही चालतात, म्हणून अडचणीला कॅमेरा विभागाकडून उसनी मिळते. ७.२ व्होल्ट आणि ६,६०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी सुमारे ४७ वॉट-तास देते. यंत्र सहा वॉट ओढत असेल तर आठ तासांच्या आसपास चालेल. स्वस्त बॅटरीवर छापलेला आकडा खरा मानू नये, घरी घड्याळ लावून मोजावा. पूर्ण दिवसासाठी तीन बॅटऱ्या आणि गाडीत चालणारा चार्जर लागतो.

टाइमकोड

कॅमेरा आणि रेकॉर्डर यांना एकच वेळ देणारी टाइमकोडची पेटी सुरुवातीला न घेता टेकच्या आरंभी वाजवायच्या क्लॅपवर भागते. पण दोन वेगळी यंत्रे तासभर सलग चालली तर त्यांची घड्याळे सरकतात. दहा लाखांत दहा भागांची चूक असलेले घड्याळ तासाला ३६ मिलिसेकंद सरकते आणि दूरचित्रवाणीच्या सेकंदाला २५ चौकटींच्या हिशोबात एक चौकट ४० मिलिसेकंदांची असते. मुलाखतीत एवढे कुणाला कळत नाही. दोन तासांचे भजन किंवा नाटक सलग घेतले की ओठ आणि शब्द वेगळे होतात. असे काम येऊ लागले की टेंटॅकल सिंकसारखी पेटी घ्यावी, आणि कॅमेरा २४ वर आहे की २५ वर, हे रोज सकाळी विचारून रेकॉर्डरवर तेच ठेवावे.

पावसाळ्यातली साठवण

ऑक्टोबरपर्यंत सामान घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावे. रंग बदलणारे दाणे घेतले तर ते कधी भाजून कोरडे करायचे ते दिसते. वातानुकूलित गाडीतून काढलेला मायक्रोफोन लगेच बाहेरच्या दमट हवेत उघडू नये. डबा बंद ठेवून वीस-पंचवीस मिनिटे थांबावे, नाहीतर थंड धातूवर दव जमते. पत्र्याच्या छपराखाली पावसात संवाद घेण्याचा आग्रह दिग्दर्शकाने धरला, तर त्याला हेडफोन द्यावा. बहुतेक वेळा पुढची चर्चा करावी लागत नाही.

पहिल्या कामाला निघताना

निघण्याच्या आदल्या रात्री संपूर्ण संच जोडून अर्धा तास मुद्रण करावे आणि ते संगणकावर उघडून ऐकावे. जागेवर पोहोचल्यावर आधी कान लावून आजूबाजूचे आवाज लिहून काढावेत: सांबऱ्याला उतरणारी विमाने, जवळचे रेल्वे फाटक, साखर हंगामात गाणी लावून जाणारे उसाचे ट्रॅक्टर. प्रत्येक जागेचा निव्वळ शांततेचा आवाज किमान अर्धा मिनिट, कुणालाही हलू न देता, मुद्रित करावा. संकलक त्यावरच संवादांमधल्या फटी बुजवतो.

आपल्या भागात ध्वनिमुद्रकाकडे आणखी एक काम आपोआप येते. दृश्यात एक पात्र मराठी बोलते, दुसरे कन्नड, आणि बाहेरून आलेल्या दिग्दर्शकाला यांतली एकच भाषा समजते. हेडफोन फक्त आपल्याच कानांवर असल्यामुळे गिळलेला शब्द किंवा चुकलेला प्रत्यय आपल्यालाच आधी ऐकू येतो. तो टेक संपताच दिग्दर्शकाच्या कानात सांगावा, सर्वांसमोर नाही, आणि ध्वनिनोंदीच्या तक्त्यात टेकच्या क्रमांकापुढे लिहून ठेवावा. त्याच फाइलमध्ये सर्व यंत्रांचे अनुक्रमांक आणि बिलांच्या छायाप्रती ठेवाव्यात. कोल्हापूरकडे काम घेऊन जाताना राज्याच्या सीमेवर कोगनोळीपाशी गाडी तपासली गेली, तर डिकीतल्या केसाळ जॅकेटाचे आणि तीन मीटरच्या काठीचे स्पष्टीकरण तोंडी देण्यापेक्षा कागद पुढे करणे सोपे जाते.